टायरन मॅथ्यूला अटक: 'हनी बॅजर'चा खेळ खल्लास?

वाघोबा | २६ ऑक्टोबर २०१२, सकाळी ७:१०

काल, गुरुवारी, बॅटन रूजमध्ये टायरन मॅथ्यूला गांजा बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. सोबत एलएसयूचेच (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) आणखी तीन माजी खेळाडू होते. त्यातला एक गेल्या मोसमापर्यंत आपला क्वार्टरबॅक होता.

ज्यांचा कॉलेज फुटबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी: मॅथ्यू, म्हणजेच 'हनी बॅजर', उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, जर्सी ७ नंबर, जागा कॉर्नरबॅकची, म्हणजे बचावाच्या कडेची. चेंडू नेणाऱ्याच्या हातावर असा काही ठोसा मारायचा की चेंडू निसटलाच पाहिजे. गेल्या नोव्हेंबरात आर्कान्सॉविरुद्ध ९२ यार्डांचा पंट रिटर्न (समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू घेऊन उलट धाव), लगेच पुढच्या सामन्यात, एसईसी या विद्यापीठ-साखळीच्या अंतिम लढतीत, जॉर्जियाविरुद्ध ६२ यार्डांचा. त्या लढतीचा मानकरीही तोच. उत्कृष्ट बचावपटूचा बेडनारिक पुरस्कार मिळाला. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात पाचवा आला, आणि तेही बचावातला खेळाडू असून.

मग १० ऑगस्टला प्रशिक्षक लेस माइल्सनी त्याला संघातून काढलं. तो ह्यूस्टनला माजी बास्केटबॉलपटू जॉन लुकस यांच्याकडे व्यसनमुक्तीसाठी गेला, परत आला, साधा विद्यार्थी म्हणून एलएसयूत नाव घातलं. २०१३ मध्ये परत खेळेल म्हणून सगळे आस लावून बसलेले, आणि आता हे. पुढच्या शनिवारी अलाबामा आहे आणि इथे कोणाला त्या सामन्याचं पडलेलं नाही.

कोल्हापुरी क्वार्टरबॅक | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:४८

संपला भावा. आता एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) आजन्म बंदी घालणार, स्कॉलरशिप जाणार, वर लुईझियानात गांजाला वीस वर्षं आत टाकतात म्हणे. एवढा गुणी पोरगा, मातीच केली की राव.

कोर्टाची पायरी | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

कोल्हापुरी, एका दमात तीन चुका केल्यात. चाचणीत सापडणं, संघातून काढलं जाणं, अटक होणं आणि गुन्हा शाबीत होणं या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीचा मालक वेगळा. चाचणी विद्यापीठाची, हकालपट्टी प्रशिक्षकाची, अटक पोलिसांची, दोषी ठरवणं कोर्टाचं. कालपासूनच्या निम्म्या पोस्टींत यांची खिचडी झालेली आहे.

एनसीएएची बंदी: अटक झाली म्हणून एनसीएए कोणालाही बसवत नाही. तसा नियमच नाही. ती चाचणी घेते राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी आणि वर्षभराच्या कार्यक्रमात, तिथे सापडलं तरच तिची शिक्षा. बाकी सगळं विद्यापीठाच्या स्वतःच्या धोरणावर, आणि धोरणं गावागणिक वेगळी. जॉर्जिया विद्यापीठात यंदा (२०१२) पहिल्याच सापडण्याला मोसमाचे दहा टक्के सामने जातात, म्हणजे एक सामना. दुसऱ्याला तीस टक्के, तिसऱ्याला घरी. इतर ठिकाणी पहिल्या वेळी नुसतं समुपदेशन आणि घरी फोन. त्यामुळे 'अमक्या संघाची पोरं कशी सापडत नाहीत' या तुलनेला अर्थ नसतो. आणि मॅथ्यूला आता निलंबित तरी कुठून करणार? संघात आहेच कुठे तो?

स्कॉलरशिप: ती ऑगस्टातच गेली. कालच्या अटकेशी तिचा संबंध नाही. सरकारी शिक्षण-मदतीला मात्र आजच्या (२०१२ च्या) नियमानं अमली पदार्थांचा गुन्हा नडतो. मदत चालू असताना केलेला बाळगण्याचा पहिला गुन्हा शाबीत झाला तर एक वर्ष, दुसऱ्याला दोन वर्षं, तिसऱ्याला बेमुदत. पण शाबीत झाला तरच, नुसत्या अटकेवर नाही.

वीस वर्षं: ही अफवा अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट सांगतो. लुईझियानाचा कायदा 'कितव्यांदा' हे मोजतो. पहिल्यांदा बाळगणं म्हणजे मिसडिमिनर (किरकोळ गुन्हा), जास्तीत जास्त सहा महिने आणि ५०० डॉलर दंड. दुसऱ्यांदा तोच माल, तेवढाच माल, पण फेलनी (मोठा गुन्हा) आणि पाच वर्षांपर्यंत. तिसऱ्यांदा वीसपर्यंत. तुमची वीस वर्षं ती ही. 'कितव्यांदा' म्हणजे कितव्यांदा दोषी ठरला. चाचणीत किती वेळा सापडला ते कोर्टाच्या वहीत कुठेच येत नाही.

आता प्रत्यक्ष क्रम. पॅरिशच्या (बाकी अमेरिकेतली काउंटी, आपला जिल्हा समजा) तुरुंगात नोंद, बोटांचे ठसे, फोटो. तो फोटो तासाभरात सगळीकडे फिरतो आणि लोकांना वाटतं निकाल लागला. मग बाँड. पूर्ण रक्कम भरली तर खटला संपल्यावर परत मिळते. बाँड कंपनीकडून सोडवलं तर तिची फी, लुईझियानात साधारण बारा टक्के, कायमची जाते. आत ठेवलं असेल तर वॉरंटशिवायच्या अटकेत ४८ तासांत न्यायाधीशानं कारण तपासायचं आणि ७२ तासांत वकील नेमण्यासाठी हजर करायचं. त्यानंतर जिल्हा वकील आरोपपत्र दाखल करतो किंवा करत नाही. इथवर आठवडे, कधी महिने जातात.

पहिल्या वेळचे खटले बहुतेक दोन वाटांनी मिटतात. एक, जिल्हा वकिलाचा डायव्हर्जन कार्यक्रम: फी, वर्ग, चाचण्या, आणि पार पडलं की आरोपच मागे. दुसरी, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८९४: गुन्हा कबूल, शिक्षा पुढे ढकललेली, मुदत नीट गेली की खटला रद्दबातल. कागदावर दोन्हींचा शेवट सारखा दिसतो. सारखा नसतो. त्यावर कोणी विचारलं तर लिहीन.

अजून एक. एका फ्लॅटमध्ये चौघे आणि एक पुडी, तर पुडी कोणाची? कायद्यानं नुसतं तिथे असणं पुरेसं नाही. माल आहे हे माहीत होतं आणि तो त्याच्या ताब्यात किंवा अखत्यारीत होता, हे प्रत्येकाबाबत वेगवेगळं दाखवावं लागतं. बाळगण्याचे खटले इथेच ढिले पडतात.

तिरकी रेघ | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

'नीट सांगतो' म्हणून दहा परिच्छेद. असो. विद्यापीठानं ऑगस्टात त्याला काढताना 'संघाचे नियम मोडले' एवढंच का सांगितलं? सरळ सांगायचं ना, चाचणीत सापडला म्हणून.

कोर्टाची पायरी | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

सातच परिच्छेद, मोजून घ्या. विद्यार्थ्याची चाचणी हा शैक्षणिक नोंदीचा भाग धरतात आणि त्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाहीत. म्हणून सगळी विद्यापीठं तेच ठरावीक वाक्य फेकतात. आतली माहिती येते ती पत्रकारांच्या 'सूत्रां'कडून.

लघुशंका निरसन | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

चाचण्यांबद्दल इथे जे चाललंय ते वाचून राहवेना.

गांजा ओढला की मूत्रात येतो तो टीएचसी (गांजातला नशेचा पदार्थ) नव्हे, त्याचं यकृतात बनलेलं आम्ल. मूळ पदार्थ चरबीत मुरतो आणि हळूहळू झिरपतो. एखाद्याच वेळी ओढणाऱ्याच्या नमुन्यात तीन-चार दिवस दिसतं, रोज ओढणाऱ्यात महिनाभर किंवा जास्तही. कोकेनचं तसं नाही, दोन-चार दिवसांत साफ. म्हणजे जास्त घातक माल घेणारा कमी सापडतो आणि गांजावाला हमखास सापडतो. कॉलेजांच्या यादीत गांजाच गांजा का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

पद्धत दोन टप्प्यांची. आधी स्वस्त प्रतिपिंड चाचणी. कामगारांच्या सरकारी चाचणीत तिची सीमा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. त्यात अडकलं तरच वायू-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटाची पक्की चाचणी, तिची सीमा १५. जागतिक क्रीडा चाचण्यांतही आज १५ च आहे. पहिल्या टप्प्यावर 'सापडला' म्हणून ओरडणं म्हणजे नाणेफेक जिंकल्यावर पेढे वाटणं.

नमुना देताना समोर माणूस उभा असतो. नमुना अ आणि ब बाटल्यांत भागतात, सील, क्रमांक, खेळाडूची सही. ढसाढसा पाणी पिऊन आलेल्याचं विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली येतं. मग तो नमुना बाद आणि पठ्ठ्या तिथेच बसून राहतो, दाट होईपर्यंत. तीन-तीन तास.

खरी गोची पुढे आहे. रोज ओढणाऱ्यानं सोडलं, आठवड्यानं परत तपासलं, परत सापडला. हा 'दुसऱ्यांदा सापडला' का? नुसता आकडा बघून सांगता येत नाही. मूत्र किती दाट आहे ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिननं भागावं लागतं. उदाहरण घ्या:

पहिला नमुना ६० नॅनोग्रॅम, क्रिएटिनिन डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ०.५. भागाकार १२०. आठवड्यानं ९० नॅनोग्रॅम, क्रिएटिनिन १८०. भागाकार ५०. आकडा ६० वरून ९० वर चढला, प्रशिक्षक बोंबलणार की पोरानं परत ओढला. पण भागाकार निम्म्याहून खाली आलाय. जुनंच झिरपतंय, त्या दिवशी मूत्र दाट होतं इतकंच.

उलट बघा. पहिला १२० नॅनोग्रॅम, क्रिएटिनिन २००, भागाकार ६०. पाच दिवसांनी ९०, क्रिएटिनिन ६०, भागाकार १५०. आकडा उतरला, सगळे खूश, पण पोरानं मधे ओढलेला आहे आणि वर पाणी प्यायलाय.

साधारण नियम असा की चोवीस तासांहून जास्त अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांत दुसऱ्याचा भागाकार पहिल्याच्या निम्मा किंवा जास्त असला तर नवीन सेवन धरायचं. तेव्हा 'तो इतक्या वेळा सापडला' असं कोणी म्हणालं की आधी विचारा, भागाकार केला होता का.

वाघोबा | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नावाला जागलात. मग गेल्या ऑक्टोबरात ऑबर्नच्या सामन्याला मॅथ्यूसकट तिघांना बाहेर बसवलं होतं, तेव्हा कृत्रिम गांजाची बातमी होती. तो याच चाचणीत सापडतो?

लघुशंका निरसन | २६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

नाही, म्हणूनच तर पोरं तिकडे वळली. तो गांजाच नव्हे. कुठल्यातरी सुक्या पाल्यावर रसायन फवारलेलं, पाकिटावर 'धूप' लिहिलेलं, पेट्रोलपंपावर मिळायचं. रेणूची रचना टीएचसीपेक्षा वेगळी, त्यामुळे नेहमीची प्रतिपिंड चाचणी त्याला ओळखत नाही. द्रव-वर्णलेखनाची वेगळी चाचणी मागवावी लागते. मार्च २०११ मध्ये केंद्रीय यंत्रणेनं त्यातली पाच रसायनं तातडीनं बंदीच्या यादीत घातली आणि प्रयोगशाळाही तयार झाल्या. लगेच बनवणाऱ्यांनी रेणूला एक शेपटी बदलून नवीन रसायन काढलं. शिवाय फवारणी सारखी नसते. एकाच पाकिटात एक चिमूट फुसकी, दुसरी चौपट कडक. इस्पितळात पोचलेले बरेच यामुळेच.

तिरकी रेघ | २६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

बरं, हे सगळं अमेरिकेचं कौतुक झालं. आपल्याकडे असता तर?

कोर्टाची पायरी | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

आपला अमली पदार्थांचा १९८५ चा एनडीपीएस कायदा तराजूवर चालतो. लुईझियाना विचारते 'कितव्यांदा', आपण विचारतो 'किती वजन'. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण: आजच्या (२०१२ च्या) तरतुदीनं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक ते वीस किलोंच्या मधे असेल तर दहा वर्षांपर्यंत. त्याहून जास्त, म्हणजे व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य. चरसाला हीच रेघ १०० ग्रॅम आणि एक किलो. कोकेनला २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम.

आता तराजूच सर्वस्व म्हटल्यावर भांडण तराजूवरच होणार. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नव्हेत, भांग त्यामुळेच सुटते. पंचनाम्यात मात्र देठ, काड्या, माती, गोणपाट सगळं एकत्र तोललेलं असतं आणि लिहिलेलं असतं 'उग्र वासाचा हिरवट पाला, २१ किलो'. शेंडे वेगळे काढून वजन केलं का, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न. दुसरा, कलम ५० खाली अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडतीचा हक्क आहे हे सांगितलं का. छापील फॉर्मवर सही घेतलेली असते, आणि बऱ्याचदा सहीची वेळ झडतीनंतरची निघते.

जुना गडी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अमेरिकन कायदा इतका कडक का झाला, तर त्याची सुरुवातही एका कॉलेज खेळाडूपासूनच आहे. लेन बायस, मेरिलँडचा बास्केटबॉलपटू. जून १९८६ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि दोनच दिवसांनी, १९ जूनला, कोकेननं तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात काँग्रेसनं कायदा केला: पाच ग्रॅम क्रॅकला (कोकेनचे ओढायचे खडे) सक्तीची पाच वर्षं, पावडर कोकेन असेल तर त्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. शंभरास एक. लोकांत समज पसरला होता की तो क्रॅकनं गेला. तो घेत होता पावडर. २०१० मध्ये ती रेघ २८ ग्रॅमवर आणली, प्रमाण अठरास एक.

कोल्हापुरी क्वार्टरबॅक | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मागे घेतो राव वीस वर्षं. पण एक सांगा, टेक्सासात टीसीयूची (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) अर्धी टीम गंजेडी निघाली होती ना फेब्रुवारीत? मग एकट्या मॅथ्यूच्या नावानं एवढी बोंब का?

वाघोबा | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

तीच तर गंमत. फोर्ट वर्थला १५ फेब्रुवारीला गुप्त पोलिसांनी सहा महिन्यांच्या सापळ्यानंतर टीसीयूच्या विद्यार्थ्यांना उचललं, त्यात चार फुटबॉल खेळाडू होते. तिथला आरोप विकण्याचा होता, बाळगण्याचा नव्हे. 'अर्धी टीम' कुठून आली, तर वॉरंटच्या प्रतिज्ञापत्रातून. त्यात एका खेळाडूचं गुप्त पोलिसाशी झालेलं बोलणं नोंदवलंय की चाचणीत ८२ जण सापडले. पोरं आपसात मारतात तशी बात. १ फेब्रुवारीला प्रशिक्षक गॅरी पॅटरसननी अचानक चाचणी घेतली होती, तिचे आकडे नंतर बातम्यांत आले ते पाच सापडले, अकरांच्यात किरकोळ अंश. पण ८२ हा आकडा कायमचा चिकटला. प्रतिज्ञापत्रात लिहिलंय म्हणजे पोलिसांनी ते पडताळलं असं नसतं, 'अमुक असं म्हणाला' एवढंच असतं.

ओपीटीची वाट | ७ नोव्हेंबर २०१२, रात्री ११:३५

विषय थोडा बाजूला नेतो. काल कोलोरॅडो आणि वॉशिंग्टननं मतदानानं गांजा मोकळा केला. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या आपल्या मुलांना आता तिथे चालेल का? आणि बॅटन रूजसारखं रूममेटच्या पुडीत अडकलं तर काय करायचं? पायरीसाहेब, ते दोन वाटांचं राहिलं होतं.

कोर्टाची पायरी | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

चालणार नाही. राज्यानं काहीही ठरवू दे, व्हिसा केंद्राचा आणि केंद्राच्या यादीत गांजा पहिल्याच अनुसूचीत आहे.

आता नीट वाचा, कारण इथे चांगले वकीलही फसतात. परदेशस्थ कायद्यात दोन दरवाजे आहेत. देशाबाहेर काढण्याचा एक, त्यात सवलत आहे: स्वतःसाठी बाळगलेला ३० ग्रॅम किंवा कमी गांजा, एकदाच, तर काढत नाहीत. आत येऊ देण्याचा दुसरा, त्यात ती सवलत नाही. म्हणजे २० ग्रॅमवाला पोरगा अमेरिकेत बसून राहिला तर टिकतो. बहिणीच्या लग्नाला नागपूरला आला की परतीचा रस्ता बंद. म्हणून खटला मिटून इमिग्रेशन वकिलानं कागद बघेपर्यंत विमानात बसायचं नाही.

आणि त्या दोन वाटा. इमिग्रेशनच्या व्याख्येत 'दोषी' म्हणजे गुन्हा कबूल केला (किंवा विरोध नाही म्हटलं) आणि न्यायाधीशानं कसलंही बंधन घातलं. नंतर खटला रद्द झाला तरी फरक पडत नाही. म्हणजे ८९४ ची वाट, जी अमेरिकन पोराला उत्तम, ती आपल्या पोराला खड्डा. कबुली न देता मिळणारं डायव्हर्जन असेल तर तो 'दोषी' होत नाही. पण अर्जावर 'मी बाळगला होता' असं लिहून सही मागतात. ते वाक्य वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, कारण आत येण्याच्या दरवाजात कबुलीही नडते.

सरकारी वकील मिळाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगायचं की मी नागरिक नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पॅडिया निकालापासून देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. पण त्याला माहीतच नसेल की तुम्ही एफ-१ वर आहात, तर तो सर्वांना देतो तोच 'मस्त सौदा' देणार.

फ्लॅटवर पोलिस आले तर: दार उघडून बोला, आत यायची परवानगी मागितली तर 'नाही' म्हणता येतं. 'हे कोणाचं' या प्रश्नावर मित्राला वाचवायला 'माझं' म्हणू नका आणि खोटंही बोलू नका. वकील हवा एवढंच म्हणा. खटला मिटल्यावर कोर्टाचा शिक्क्यानिशी अंतिम आदेश दोन प्रतींत घ्या, मूळ तक्रारीसकट. पुढच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'कधी अटक झाली का' असा प्रश्न आहे, 'दोषी ठरलात का' एवढाच नाही. आरोप मागे घेतले तरी उत्तर 'होय', आणि मुंबईच्या खिडकीवर तो कागद दाखवायचा. 'नाही' लिहिलंत तर गांजा राहिला बाजूला, खोटेपणा कायमचा नडतो.

तिरकी रेघ | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

धाग्याला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. संपादकांनी हा प्रतिसाद वर चिकटवावा.

वाघोबा | २७ एप्रिल २०१३, सकाळी ६:५०

धागा वर काढतोय! काल रात्री एनएफएलच्या (व्यावसायिक लीग) खेळाडू-निवडीत ॲरिझोना कार्डिनल्सनं मॅथ्यूला घेतलं. तिसरी फेरी, ६९ वा. तिथे पॅट्रिक पीटरसन आहे, एलएसयूतला जुना जोडीदार, त्यानं शब्द टाकला होता.

कोल्हापुरी क्वार्टरबॅक | २७ एप्रिल, सकाळी ७:१५

वाघाची जात! पण अटक झाली नसती तर पहिल्या फेरीत गेला असता. एका पुडीनं कोट्यवधी घालवले.

वाघोबा | २७ एप्रिल, सकाळी ७:४०

इथे सहमत नाही. भाव उतरला तो ऑगस्टात, ऑक्टोबरात नाही. संघांनी मुलाखतींत विचारलं ते चाचण्यांबद्दल, किती आणि केव्हा. मिसडिमिनरची पहिली अटक असलेली पोरंही पहिल्या फेरीत गेलेली आहेत. याच्या बाबतीत पूर्ण मोसम न खेळलेला, पाच फूट नऊ, आणि फेब्रुवारीच्या कंबाइनमध्ये (निवडीआधीची शारीरिक चाचणी) २२५ पाउंडांचा बार चारच वेळा उचलून खाली ठेवलेला. ४० यार्ड ४.५० सेकंदांत पळाला म्हणून वाचला.

करार बघा म्हणजे कळेल संघ कशाला घाबरतात. पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षाचा पर्याय आणि बरीचशी रक्कम पक्की असते, तिसऱ्या फेरीत तसं नाही. याच्या बाबतीत तर सहीचे पैसे एकरकमी न देता संघात टिकण्याला बांधतील असं ऐकू येतंय. शिवाय लीगच्या उपचार कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्याला महिन्याला दहापर्यंत अचानक चाचण्या असतात.

लघुशंका निरसन | २७ एप्रिल, दुपारी १२:२०

दहा चाचण्या म्हणजे सरासरी दर तीन दिवसांनी एक. एखाद्याच वेळी ओढणाऱ्यालाही सुटायला जागा नाही. आणि इतक्या जवळचे नमुने असले की तो भागाकार नीट करता येतो, ही त्याच्यासाठी चांगलीच गोष्ट.

कोर्टाची पायरी | २७ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

एफ-१ वाल्यांसाठी: मंगळवारी, २३ तारखेला, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा मॉनक्रीफ निकाल आला. पैसे न घेता थोडासा गांजा कोणाला दिला, एवढ्यावरून 'गंभीर फेलनी' धरता येणार नाही. म्हणजे आपोआप हकालपट्टी टळते, दाद मागायची वाट उघडी राहते. ३० ग्रॅमची सवलत मात्र यात लागत नाही, ती फक्त बाळगण्याला. पुडी पुढे सरकवणं हे 'देणं' धरतात.

कोल्हापुरी क्वार्टरबॅक | ३ फेब्रुवारी २०२०, सकाळी ९:०५

सुपर बोल!!! मॅथ्यूचे कॅन्सस सिटी चीफ्स ३१, फोर्टीनायनर्स २०. चौथ्या डावात दहानं मागे होते. बचावाचा म्होरक्या कोण? ६९ वा!!

तिरकी रेघ | ३ फेब्रुवारी २०२०, सकाळी ९:३०

सव्वासात वर्षांपूर्वी याच धाग्यावर 'संपला भावा' कोणी लिहिलं होतं, कोणाला आठवतंय का?

लघुशंका निरसन | २६ जून २०२४, रात्री १०:४०

एनसीएएच्या डिव्हिजन वन परिषदेनं गांजा बंदीच्या यादीतून काढला. राष्ट्रीय स्पर्धा आणि फुटबॉलचे मोसमानंतरचे सामने यांत आता त्याची चाचणी नाही, आधीच्या शिक्षाही पुढे चालवायच्या नाहीत. २०२२ मध्येच सीमा ३५ वरून १५० केली होती. वर मी जागतिक चाचण्यांची सीमा १५ लिहिलीय ती २०१२ ची, कृपया तसंच वापरू नका. तीही २०१३ पासून १५० आहे, पण तिथे स्पर्धेच्या काळात बंदी कायम. एनएफएलनं २०२० पासून नुसत्या गांजाच्या चाचणीवरून निलंबन बंद केलं. विद्यापीठांची स्वतःची धोरणं यानं आपोआप बदलत नाहीत, ती ज्याची त्यानं वाचावीत.

वाघोबा | २३ जुलै २०२५, सकाळी ७:००

मॅथ्यू निवृत्त झाला. बारा मोसम: ॲरिझोना, ह्यूस्टन, कॅन्सस सिटी, आणि शेवटचे तीन स्वतःच्या गावात, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सकडून.

कोल्हापुरी क्वार्टरबॅक | २३ जुलै २०२५, सकाळी ७:३०

मुजरा वाघा. आणि लुईझियानात आता त्याच पुडीला काय आहे?

कोर्टाची पायरी | २३ जुलै २०२५, सकाळी ८:१०

१ ऑगस्ट २०२१ पासून १४ ग्रॅमपर्यंत १०० डॉलर दंड. तुरुंग नाही, आणि 'कितव्यांदा' हेही तेवढ्या वजनाला मोजत नाहीत.

ओपीटीची वाट | २३ जुलै २०२५, सकाळी ८:२५

आणि एफ-१ वाल्यांना?

कोर्टाची पायरी | २३ जुलै २०२५, सकाळी ९:००

२०१२ चंच. ३० ग्रॅम, एकदा, आणि बाहेर गेलात तर तेही नाही. १०० डॉलरची पावती 'भरून टाकू' म्हणून भरू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. दंड भरणं कबुली ठरू शकतं. यंदा वसंतात पोलिसी नोंदींशी नाव जुळलं म्हणून हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंदी बंद केल्या, त्यात आरोप कधीच मागे घेतलेलेही होते. कोर्टबाजी झाल्यावर एप्रिलअखेर परत चालू करायला सुरुवात केली. तेव्हा ज्यांच्याकडे शिक्क्याचा अंतिम आदेश हाताशी होता त्यांचे वकील दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन उभे होते. ज्यांच्याकडे नव्हता ते आधी कोर्टाच्या नक्कल विभागाच्या रांगेत.